बेसबॉलचा ‘बॅटिंग ॲव्हरेज’चा तक्ता कसा वाचायचा? क्रिकेट कोळून प्यायलेल्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला एप्रिल ते सप्टेंबर बेसबॉल टाळता येत नाही. ऑफिसात, ट्रेनमध्ये, न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर तो असतोच. तीन स्ट्राइक, चार बॉल, नऊ इनिंग एवढं पाहून पाहून अंगवळणी पडतं. गाडी अडते ती आकड्यांपाशी. आपण लहानपणापासून सरासरी, स्ट्राइक रेट तोंडपाठ करत आलेले लोक, त्यामुळे ‘ॲव्हरेज’ म्हटलं की आपल्याला कळलंच असं वाटतं आणि नेमका तिथेच घोटाळा होतो.

मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. तिच्या २०२४ च्या हंगामातल्या बॅटिंग ॲव्हरेजच्या तक्त्याचा हा माथा पाहा:

बॉबी विट ज्युनियर (कॅन्सस सिटी रॉयल्स) .३३२
व्लादिमीर गरेरो ज्युनियर (टोरांटो ब्लू जेज) .३२३
ॲरन जज (न्यूयॉर्क यांकीज) .३२२
लुईस अराएझ (सॅन डिएगो पाद्रेस) .३१४
शोहेई ओहतानी (लॉस एंजेलिस डॉजर्स) .३१०

जजने त्या वर्षी ५८ होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले आणि तो तिसरा. ओहतानीने ५४ मारले आणि तो पाचवा. त्याच्या वर बसलेल्या अराएझचे होम रन किती? चार. हा तक्ता उलटा छापलेला नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि त्या उत्तराची मेख बहुतेक वेळा अंशात नसते, छेदात असते. खालच्या सगळ्या पायऱ्या या ना त्या मार्गाने तुम्हाला छेदाकडेच नेतील.

१. आधी हे जवळ ठेवा

– मेजर लीगचं अधिकृत ॲप किंवा संकेतस्थळ. त्यातलं ‘स्टॅट्स’ हे पान. फुकट आहे.
– बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ. जुने हंगाम बघायला याला तोड नाही. १८७१ पासूनचे आकडे आहेत.
– एखाद्या सामन्याचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आपल्याकडच्या धावफलकासारखा तक्ता.
– फोनमधला कॅल्क्युलेटर.
– मैदानावर जाणार असाल तर कोरं स्कोअरकार्ड आणि पेन्सिल. पेन नको, कारण निर्णय बदलतात. ते पुढे येईलच.

पैसे भरून घेण्याच्या सेवा बऱ्याच आहेत. पहिल्या हंगामात त्यातली एकही लागत नाही.

२. क्रिकेटची सरासरी डोक्यातून काढा

क्रिकेटमध्ये धावा भागिले बाद. ब्रॅडमनचे ९९.९४ म्हणजे एकदा बाद होण्यामागे तेवढ्या धावा. बेसबॉलच्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये धावा कुठेच नाहीत. सूत्र एवढंच: हिट भागिले ॲट-बॅट. बॅटर मोजण्याजोग्या किती वेळा उभा राहिला आणि त्यातल्या किती वेळा स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोचला, हे ते प्रमाण. म्हणून ते एकच्या वर जाऊच शकत नाही.

लिहिताना दशांश चिन्हाआधीचं शून्य गाळतात आणि तीन स्थळांपर्यंत लिहितात. बोलताना .३०० ला ‘थ्री हंड्रेड’ आणि .३३२ ला ‘थ्री थर्टी-टू’ म्हणतात. कोणी ‘तो थ्री हंड्रेड हिटर आहे’ म्हणालं तर तीनशे धावा शोधत बसू नका. दहापैकी तीनदा यशस्वी, एवढाच अर्थ. दहापैकी सातदा बाद होणारा माणूस स्टार कसा, हे पचायला वेळ लागतो. पण २०२४ मध्ये पुरेसे सामने खेळलेल्यांपैकी फक्त सात जण .३०० च्या पुढे होते आणि सगळ्या बॅटर्सची मिळून सरासरी .२४३ होती. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर येणारा, शेवटच्या क्षणी वळणारा चेंडू गोल दांड्याने मारायचा आणि मैदानात नऊ जण असताना मोकळी जागा शोधायची, म्हटल्यावर तीन हेच फार.

आणखी एक. होम रन असो की कसाबसा धावत जाऊन मिळवलेला एक बेस, दोन्ही इथे ‘एक हिट’. षटकार आणि एकेरी धाव एकाच मापाने मोजल्यासारखं. अराएझ ओहतानीच्या वर का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

३. अंश: हिट कशाला म्हणायचं

बॅटर पहिल्या बेसवर पोचला म्हणजे हिट झाली, असं नाही. नवख्यांची पहिली चूक हीच.

क्षेत्ररक्षकाने सोपा चेंडू सोडला किंवा भलतीकडे फेकला तर ती ‘एरर’. बॅटर बेसवर उभा असतो, प्रेक्षक ओरडत असतात, पण त्याच्या खात्यात हिट नाही. ॲट-बॅट मात्र मोजला जातो. म्हणजे सरासरीच्या दृष्टीने तो बादच. तसंच ‘फील्डर्स चॉइस’चं: क्षेत्ररक्षकाने बॅटरला सोडून पुढच्या बेसवरच्या धावपटूला बाद केलं, तर बॅटर वाचला तरी हिट नाही.

मग हिट की एरर, ठरवतं कोण? पंच नव्हे. प्रत्येक सामन्याला एक अधिकृत स्कोअरर असतो. तो प्रेस बॉक्समध्ये बसतो आणि ‘साधारण प्रयत्नाने’ हा चेंडू अडवता आला असता का, याचा निवाडा देतो. म्हणजे ज्या आकड्याला लोक गणितासारखा पक्का समजतात, त्याच्या मुळाशी एका माणसाचं मत असतं. हा निर्णय नंतर फिरवताही येतो; संघ किंवा खेळाडू दाद मागू शकतात. रात्री .३१४ पाहून झोपलात आणि दुसऱ्या दिवशी सामना नसतानाही .३१६ दिसलं, तर ॲप बिघडलेलं नाही. पेन्सिल म्हणूनच.

४. छेद: ॲट-बॅट आणि प्लेट अपिअरन्स यांतला फरक

ही पायरी घाईत ओलांडू नका. हिच्यावर सगळं उभं आहे.

बॅटर येऊन उभा राहिला आणि त्याच्या पाळीचा काहीतरी निकाल लागला की एक प्लेट अपिअरन्स, म्हणजे पीए. पण प्रत्येक पीए ही ॲट-बॅट, म्हणजे एबी, नसते. पुढच्या गोष्टी घडल्या तर पीए वाढते, एबी वाढत नाही:

– वॉक. चार बॉल बाहेर पडले आणि बॅटर चालत पहिल्या बेसवर गेला. रकाना ‘बीबी’.
– चेंडू अंगावर लागला. रकाना ‘एचबीपी’.
– सॅक्रिफाइस बंट. पुढच्या धावपटूला सरकवण्यासाठी मुद्दाम हळू टेकवलेला चेंडू, ज्यात बॅटर स्वतः बाद होतो.
– सॅक्रिफाइस फ्लाय. दोनपेक्षा कमी बाद असताना उंच मारलेला झेल, ज्यावर तिसऱ्या बेसवरचा गडी धाव पूर्ण करतो.
– कॅचरने बॅटरला अडथळा केला. क्वचित होतं, पण होतं.

आता एक सामना मनात धरा. तुमचा बॅटर पाच वेळा आला. पहिल्यांदा वॉक. दुसऱ्यांदा सरळ मारून पहिला बेस. तिसऱ्यांदा सॅक्रिफाइस फ्लाय. चौथ्यांदा स्ट्राइकआउट. पाचव्यांदा क्षेत्ररक्षकाच्या एररवर बेस. तो तीनदा बेसवर होता आणि एकदा त्याने सहकाऱ्याला धाव मिळवून दिली. तरी बॉक्स स्कोअरमध्ये दिसेल: ३ ॲट-बॅट, १ हिट. इथे लोक ‘वन फॉर थ्री’ म्हणतात. .३३३. हे उदाहरण कागदावर एकदा स्वतः मांडून बघा. निम्म्या शंका तिथेच संपतील.

वॉकचा परिणाम मोठ्या नावांवर कसा होतो पाहा. २०२४ मध्ये जजला १३३ वॉक मिळाले, अराएझला २४. पिचर जजला घाबरून बाहेर चेंडू टाकतात, जज ते सोडतो आणि चालत जातो. त्यातला एकही वॉक त्याच्या सरासरीत दिसत नाही. वाढवत नाही, घटवतही नाही. अराएझ बाहेरचा चेंडूही मारायला जातो, आणि त्याची बॅट लागतेही: त्या अख्ख्या हंगामात तो फक्त २९ वेळा स्ट्राइकआउट झाला. दोघांच्या सरासरीत हजाराव्या हिश्शांचा फरक, पण खेळ दोन टोकांचे.

जुने आकडे बघताना एक पथ्य पाळा: सॅक्रिफाइस फ्लायचा आजचा नियम १९५४ पासूनचा. टेड विल्यम्सने १९४१ मध्ये बॉस्टन रेड सॉक्सकडून .४०६ ची सरासरी गाठली, तेव्हा अशा झेलांची ॲट-बॅट त्याच्या छेदात धरली जात होती. आजच्या नियमाने त्याचा आकडा आणखी वर गेला असता. त्यानंतर मेजर लीगच्या दोन लीगांत, म्हणजे अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, एकाही बॅटरने पूर्ण हंगामात .४०० गाठलेले नाहीत.

५. भागाकार स्वतः करून बघा

विट: २११ हिट, ६३६ ॲट-बॅट. कॅल्क्युलेटरवर ०.३३१७६. म्हणून .३३२.

पुढचा भागाकार मला या सगळ्या तक्त्यात सर्वांत रंजक वाटतो. अराएझ: २०० हिट, ६३७ ॲट-बॅट. ओहतानी: १९७ हिट, ६३६ ॲट-बॅट. नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी होम रन आणि आरबीआय (बॅटरने आपल्या पाळीत संघाला मिळवून दिलेल्या धावा) या दोन्हींत ओहतानी पहिला होता. सरासरीतही पहिला आला असता तर ‘ट्रिपल क्राउन’ झाला असता. किती कमी पडले? त्याला २०० हिट मिळाले असते तर ०.३१४४७, अराएझचे ०.३१३९७. म्हणजे सहा महिन्यांत तीन हिट. दोन महिन्यांत जेमतेम एक.

तीन स्थळांवर बरोबरी दिसली की चौथं, पाचवं स्थळ बघायचं. १९४९ मध्ये अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉईटचा जॉर्ज केल आणि टेड विल्यम्स दोघेही .३४३ वर होते. केल १७९ भागिले ५२२, म्हणजे ०.३४२९१. विल्यम्स १९४ भागिले ५६६, म्हणजे ०.३४२७६. सर्वोच्च सरासरीचा किताब केलला. विल्यम्स होम रनमध्ये पहिला होता, आरबीआयमध्ये संयुक्त पहिला होता, आणि तिसरा ट्रिपल क्राउन दीड दशसहस्रांशाने हुकला. एक हिट जास्त किंवा एक ॲट-बॅट कमी असती तरी चाललं असतं.

इथला सापळा: सरासऱ्यांची सरासरी काढू नका. एका महिन्यात .४०० आणि दुसऱ्या महिन्यात .२०० म्हणजे दोन महिन्यांत .३०० असं होत नाही. पहिल्या महिन्यात २० ॲट-बॅट आणि दुसऱ्यात १०० असतील, तर हिट ८ अधिक २०, भागिले १२०, म्हणजे .२३३. नेहमी हिट वेगळे मिळवा, ॲट-बॅट वेगळ्या मिळवा, मग भागा.

६. तक्त्यात नाव यायला काय लागतं?

एकदाच येऊन एक हिट मारणाऱ्याची सरासरी १.०००. तो सगळ्यांत वर का नसतो? कारण पात्रतेची अट आहे: संघाच्या प्रत्येक सामन्यामागे ३.१ प्लेट अपिअरन्स. १६२ सामन्यांचा हंगाम, म्हणून ३.१ गुणिले १६२, म्हणजे ५०२. अट पीएची आहे, एबीची नाही, हे लक्षात ठेवा. हंगाम चालू असताना संघाचे तोवरचे सामने घेऊन तसंच गुणायचं. संघाचे ४० सामने झाले असतील तर १२४ पीए हव्यात. त्यामुळे दुखापतीने दोन आठवडे बसलेला खेळाडू तक्त्यातून गायब होतो आणि परतल्यावर काही दिवसांनी पुन्हा उगवतो.

संकेतस्थळावर ‘क्वालिफाइड’ असा एक पर्याय असतो. तो निवडलाय ना, हे दर वेळी तपासा. तो बंद असेल तर चार ॲट-बॅट खेळलेला कोणीतरी माथ्यावर दिसेल आणि तुम्ही ऑफिसात त्याचं नाव घेऊन बसाल.

अट पीएची का झाली, यामागे पुन्हा विल्यम्सच आहे. १९५४ मध्ये त्याची सरासरी .३४५ होती, लीगमध्ये सर्वाधिक. पण तेव्हा किमान ४०० ॲट-बॅट लागायच्या आणि त्याच्या भरल्या ३८६. बाकी वेळा पिचरांनी त्याला मारायला चेंडूच दिला नव्हता, १३६ वॉक. किताब गेला क्लीव्हलँडच्या बॉबी आविलाला, .३४१ वर. मेक्सिकोतून आलेला आविला उत्तम खेळला यात वाद नाही. पण समोरच्याला घाबरवून वॉक मिळवणाऱ्याला त्याचीच शिक्षा, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. १९५७ पासून ३.१ पीएचा नियम आला.

यात एक पोटनियम आहे आणि तो माहीत असला की तुमची किंमत वाढते. पीए कमी पडत असतील, तर जेवढ्या कमी तेवढ्या ॲट-बॅट शून्य हिटच्या धरून छेदात मिळवायच्या. तरीही सरासरी सगळ्यांपेक्षा जास्त उरली तर किताब त्याचाच. १९९६ मध्ये सॅन डिएगोच्या टोनी ग्विनच्या ४९८ पीए झाल्या, चार कमी. त्याचे १५९ हिट, ४५१ ॲट-बॅट, .३५३. चार रिकाम्या ॲट-बॅट मिळवल्यावर १५९ भागिले ४५५, .३४९. दुसऱ्या क्रमांकावर कोलोराडोचा एलिस बर्क्स .३४४ वर. किताब ग्विनला, आणि नोंदीत त्याची सरासरी .३५३ हीच राहिली. रिकाम्या ॲट-बॅट फक्त तुलनेपुरत्या.

याच पोटनियमाने २०१२ मध्ये पेच उभा केला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा मेल्की कब्रेरा .३४६ वर असताना ऑगस्टमध्ये उत्तेजकाच्या चाचणीत सापडला आणि ५० सामन्यांसाठी निलंबित झाला. त्याच्या पीए होत्या ५०१. एक कमी! एक रिकामी ॲट-बॅट धरली असती तरी तोच पहिला येत होता. कब्रेराने स्वतःच आपल्याला किताबातून वगळा अशी विनंती केली, लीग आणि खेळाडूंची संघटना राजी झाली, आणि किताब त्याच्याच संघातल्या बस्टर पोझीला मिळाला, .३३६ वर.

साथीच्या २०२० सालात हंगाम ६० सामन्यांचा होता, म्हणून १८६ पीए पुरल्या. त्या वर्षीचा डीजे लमेह्यूचा .३६४ बघताना हे डोक्यात असू द्या. मायनर लीगमध्ये अट सामन्यामागे २.७ ची आहे. जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये ३.१ चीच आहे, पण सामने १४३, म्हणून ४४३.

७. लीग दोन, किताबही दोन

अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग यांचे किताब वेगवेगळे. ॲप मात्र बहुधा दोन्हींचा मिळून एकच तक्ता आधी दाखवतं. वरच्या यादीत विट, गरेरो, जज हे अमेरिकन लीगचे. अराएझ आणि ओहतानी नॅशनलचे. म्हणून एकत्र यादीत चौथा असूनही अराएझ विजेता, आणि त्याच्या वरचे गरेरो, जज विजेते नाहीत. आधी लीग निवडा, मग बोला.

हंगामाच्या मधोमध खेळाडूची अदलाबदल झाली तर? लीग तीच असेल तर आकडे एकत्र होतात. अराएझ २०२४ च्या मे महिन्यात मायामीहून सॅन डिएगोला गेला. दोन्ही नॅशनल लीगचे संघ, म्हणून अडचण आली नाही. (२०२२ मध्ये मिनेसोटा, २०२३ मध्ये मायामी, २०२४ मध्ये सॅन डिएगो: सलग तीन वर्षं तीन वेगळ्या संघांकडून किताब घेणारा असा दुसरा कोणी नाही.) लीग बदलली तर मात्र खातं दोन तुकड्यांत राहतं.

१९९० मध्ये यातून मोठी गंमत झाली. सेंट लुईस कार्डिनल्सचा विली मॅगी ऑगस्टअखेर ओकलंडला, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये गेला. जाताना नॅशनल लीगमध्ये त्याची सरासरी .३३५ होती आणि पात्रतेपुरत्या पीए झालेल्या होत्या. तो आकडा तिथेच गोठला. ओकलंडकडून तो फारसा चमकला नाही, पण ते या खात्यात येतच नव्हतं. उरलेला महिना नॅशनल लीगचे बाकी बॅटर हजर नसलेल्या माणसाचा पाठलाग करत राहिले. डॉजर्सचा एडी मरे .३३० वर पोचला. अमेरिकन लीगचा विजेता कॅन्सस सिटीचा जॉर्ज ब्रेट .३२९ वर होता. दोन्ही लीग धरून पूर्ण हंगामाची सर्वोच्च सरासरी मरेची आणि किताब एकही नाही. मला विचाराल तर नियम बरोबर आहे, पण मरेबद्दल वाईट वाटतंच.

८. साल बघितल्याशिवाय आकड्याला चांगलं-वाईट म्हणू नका

१९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. सगळ्या बॅटर्सची मिळून, पिचरांच्या बॅटिंगसकट. २०२५ मध्ये त्याच लीगचा किताब ट्रेय टर्नरने .३०४ वर जिंकला. एकाचा विजेता म्हणजे दुसऱ्याचा सर्वसाधारण बॅटर.

खालचं टोक १९६८ चं. पिचर एवढे वरचढ होते की अमेरिकन लीगमध्ये कार्ल यास्ट्रेम्स्की .३०१ वर पहिला आला. पुढच्या वर्षी पिचरच्या उंचवट्याची कमाल उंची १५ इंचांवरून १० वर आणली आणि स्ट्राइक झोनही लहान केला. अलीकडचा प्रयत्न २०२३ चा: क्षेत्ररक्षकांनी एकाच बाजूला गर्दी करण्यावर बंदी. एकूण सरासरी .२४३ वरून .२४८ झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा .२४३. तेव्हा बंदीने क्रांती झाली असं कोणी सांगत असेल तर हे तीन आकडे पुढे करा.

सर्वकालीन यादीच्या माथ्यावर जुन्या पुस्तकांत टाय कॉब दिसेल, कारकिर्दीची सरासरी .३६७. आज तिथे जोश गिब्सन आहे, .३७२. कृष्णवर्णीयांना मेजर लीगची दारं बंद होती तेव्हा ते निग्रो लीगमध्ये खेळत; त्या सामन्यांचे आकडे मे २०२४ मध्ये अधिकृत नोंदीत घेतले गेले. एका हंगामाचा विक्रमही आता गिब्सनचा, १९४३ चे .४६६. त्याआधी तो मान ह्यू डफीच्या १८९४ मधल्या .४४० ला होता. पुस्तक आणि ॲप जुळत नसतील तर पुस्तकाचं साल बघा.

९. शेजारचे रकाने झाकू नका

सरासरी वॉक विसरते आणि सगळ्या हिट एकसारख्या धरते. या दोन त्रुटी भरून काढायला शेजारी तीन रकाने असतात. ओबीपी म्हणजे वॉक आणि अंगावरचे चेंडू धरून बेसवर पोचण्याचं प्रमाण. एसएलजी म्हणजे प्रत्येक ॲट-बॅटमागे किती बेस. यात होम रनचे चार धरतात. या दोहोंची बेरीज ओपीएस. २०२४ मध्ये अराएझचा ओपीएस .७३९, ओहतानीचा १.०३६. सरासरीत चार हजारांशाने पुढे असलेला इथे जवळपास तीनशे हजारांशाने मागे.

मग सरासरी बघायचीच कशाला, असं आकडेवाले लोक विचारतात. संघ निवडायला तुम्ही ती एकटी वापरणार नसाल तर खुशाल बघा. चेंडूला बॅट लावून मोकळ्या जागेत ढकलण्याचं कसब दाखवणारा याहून सोपा आकडा नाही, आणि सप्टेंबरमध्ये दोघांची चुरस लागली की रोज सकाळी तो बघण्याची मजा ओपीएसला येत नाही.

१०. हंगामभर कधी काय बघायचं

एप्रिलमधल्या तक्त्याकडे करमणूक म्हणून बघा. पन्नास ॲट-बॅटवर कोणीही .४०० असू शकतो. जुलैतल्या ऑल-स्टार सामन्यानंतर यादी स्थिरावते. तोवर आघाडीच्या बॅटरच्या साडेतीनशेच्या आसपास ॲट-बॅट झालेल्या असतात, त्यामुळे एका हिटने आकडा दोन-तीन हजारांशांहून जास्त हलत नाही.

भारतातून बघत असाल तर न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो आणि लॉस एंजेलिसचा सकाळी साडेसातला. दिवसाचा तक्ता पुरा व्हायला साधारण अकरा वाजतात. सकाळी चहाबरोबर पाहाल तो अर्धवट असतो.

शेवटच्या आठवड्यात मैदानाबरोबर बाकावरही लक्ष ठेवा. आघाडीवरचा खेळाडू बसून राहिला की त्याची सरासरी घटत नाही, आणि हा मोह जुना आहे. १९१० मध्ये किताबाबरोबर चाल्मर्स कंपनीची मोटार बक्षीस होती. डेट्रॉईटचा टाय कॉब आघाडी राखायला शेवटचे सामने बसून राहिला. त्याचा राग असलेल्या सेंट लुईस ब्राउन्सनी शेवटच्या दिवशी क्लीव्हलँडच्या नॅप लाजवेला हिट मिळाव्यात म्हणून तिसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक मुद्दाम मागे उभा केला. लाजवे बंट करत गेला आणि दोन सामन्यांत आठ हिट घेतल्या. ब्राउन्सच्या व्यवस्थापकाची नोकरी गेली. मोटारी शेवटी दोघांनाही दिल्या.

उलट टोकाला १९४१. २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात शेवटचे दोन सामने होते आणि विल्यम्सची सरासरी ०.३९९५५, म्हणजे तीन स्थळांवर .४००. बसला असता तरी .४०० लागले असते. तो दोन्ही सामने खेळला, आठ ॲट-बॅटमध्ये सहा हिट घेतल्या आणि .४०६ वर थांबला.

प्लेऑफमधल्या हिट या खात्यात येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये किताबाचा तक्ता हलत नाही म्हणून गोंधळू नका.

११. जमलं का, बघा

एका बॅटरचे १४९ हिट, ४७० ॲट-बॅट, ४९६ प्लेट अपिअरन्स. पूर्ण पात्र असलेल्यांत लीगमधली सर्वोच्च सरासरी .३१२. किताब कोणाला? आणि त्याचे हिट १४८ असते तर? कागदावर करा, मग खाली बघा.

उत्तर: पीए सहा कमी आहेत, म्हणून छेदात सहा मिळवायच्या. १४९ भागिले ४७६, म्हणजे .३१३. किताब त्याचा, आणि नोंदीत सरासरी १४९ भागिले ४७०, .३१७. हिट १४८ असत्या तर १४८ भागिले ४७६, .३११. मग त्याची स्वतःची सरासरी .३१५ असूनही किताब .३१२ वाल्याचा.